वणव्यानंतर नळाचं पाणी : उकळून का चालत नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा आहे : कॅलिफोर्नियात डोंगराच्या पायथ्याशी तुमचं घर. ३ आठवड्यांपूर्वीच्या वणव्यात समोरची ४ घरं जळाली, तुमचं वाचलं. पाणी कंपनीने 'पिऊ नका, उकळूही नका' अशी नोटीस दिली आहे, पण त्याच कंपनीच्या ताज्या अहवालात बेंझिन, म्हणजे कर्करोग आणू शकणारं रसायन, सापडलेलं नाही. सांगलीहून आलेल्या तुमच्या आई म्हणतात, पाणी खळखळून उकळलं की झालं. सिंकखाली आरओ बसवलेला आहे. घरात ८ महिन्यांचं बाळ आहे. नोटीस येण्याआधी ४ दिवस सगळ्यांनी तेच पाणी प्यायलं. आता वापरायचं की नाही, आणि झालं त्याचं काय?

आधी उत्तर देतो, कारणं मागून सांगतो. तुमच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या नळाची तपासणी होईपर्यंत बाळाचं दूध, पिणं आणि स्वयंपाक यांसाठी बाहेरून आणलेलं पाणीच वापरा. नळाचं पाणी उकळू नका. आरओवर विसंबू नका. आणि कंपनीचा अहवाल खोटा नाही, पण तो तुमच्या घराबद्दल काहीच सांगत नाही.

मी २२ वर्षं पाणीपुरवठ्यात आहे. सुरुवात नाशिक जिल्ह्यातल्या एका जलशुद्धीकरण केंद्रावर तुरटीचा डोस ठरवण्यापासून झाली. गेली बरीच वर्षं अमेरिकेच्या पश्चिम भागात वितरण व्यवस्थेच्या गुणवत्तेचं काम करतो, आणि वणव्यानंतर पाइपांचे जाळे पुन्हा सुरू करण्याच्या कामावर मी प्रत्यक्ष राबलो आहे. म्हणून जे लिहितोय ते मुख्यतः पाइपांच्या बाजूने लिहितोय. वैद्यकीय सल्ला बालरोगतज्ज्ञांचाच घ्या.

तुमच्या प्रश्नात खरी गाठ कुठे आहे ते पाहू. पाणी बिघडलं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर धरण येतं, नदी येते. वणवा डोंगरावर लागला, राख वाहून तलावात आली, म्हणजे पाणी बिघडलं, असं वाटणं साहजिक आहे. तेही होतं. पाऊस पडला की राख आणि गाळ येतो, पाणी गढूळ होतं, त्यातल्या सेंद्रिय पदार्थांशी क्लोरीनचा संयोग होऊन नको ती संयुगं वाढतात. पण ते केंद्रावरच्या लोकांना दिसतं आणि त्यावर त्यांच्याकडे उपाय असतात. तुमच्या नोटिशीमागचं कारण वेगळं आहे. तुमचं पाणी बिघडलं असेल तर ते केंद्रातून स्वच्छ निघाल्यानंतर, तुमच्या गल्लीत बिघडलं असेल.

हे लोकांना पहिल्यांदा नीट कळलं ते सांता रोझा शहरात. ऑक्टोबर २०१७ मध्ये तिथे टब्स वणवा लागला. नोव्हेंबरमध्ये फाउंटनग्रोव्ह वस्तीतल्या एका रहिवाशाने पाण्याच्या वासाची आणि चवीची तक्रार केली. तपासणीत बेंझिन निघालं. बेंझिन म्हटलं की आमच्या व्यवसायात पहिला संशय पेट्रोल पंपाच्या गळक्या टाकीवर जातो. इथे तसं काहीच नव्हतं. नमुने घेत गेल्यावर काही ठिकाणी बेंझिन ४०,००० पीपीबीपर्यंत मिळालं. पीपीबी म्हणजे अब्ज भागांत एक भाग. कॅलिफोर्नियाची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा आहे १ पीपीबी, अमेरिकी केंद्र सरकारची ५. हा आकडा डोळ्यांसमोर यावा म्हणून हिशेब सांगतो : बेंझिनचा एक थेंब १०,००० लिटरच्या चार टँकरांत मिसळला, तरी ते सगळं पाणी १ पीपीबीच्या किंचित वर जातं.

पुढच्याच वर्षी, ८ नोव्हेंबर २०१८ ला, पॅराडाइस गाव कॅम्प वणव्यात जवळजवळ पूर्ण जळालं. ८५ माणसं गेली. गावाचा तलाव आणि शुद्धीकरण केंद्र शाबूत राहिलं. तरी पाइपांमधल्या पाण्यात बेंझिन २,२०० पीपीबीच्या पुढे गेलेलं आढळलं. अमेरिकेत ५०० पीपीबीच्या वर बेंझिन असलेलं सांडपाणी घातक कचऱ्यात मोडतं, यावरून काय ते ओळखा. तलाव स्वच्छ, केंद्र चालू, आणि नळ विषारी. हे चित्र मनात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

मग हे घडतं कसं? एकाच वेळी दोन गोष्टी होतात. आग लागते तेव्हा अग्निशमनाचे बंब हायड्रंटवरून, म्हणजे आगीसाठी मेनला बसवलेल्या नळावरून, पाणी खेचत असतात, आणि जळालेल्या प्रत्येक घराचा पाइप फुटून उघडा वाहत असतो. शेकडो नळ एकदम मोकळे सोडल्यासारखी स्थिती होते. उंचावरच्या टाक्या रिकाम्या होतात, मेन लाइनचं प्रेशर पडतं, आणि जिथे प्रेशर नाही तिथे पाइप पाणी बाहेर टाकण्याऐवजी बाहेरचं आत ओढतो. पाणी येण्याआधी नळ सूं सूं करत हवा ओढतो, ते आपल्याकडे अनेकांनी पाहिलं आहे. इथे ओढली जाणारी हवा म्हणजे जळत्या घरातला धूर असतो. त्यात फर्निचर, गालिचे, वायरी, रंग सगळं जळत असतं.

दुसरी गोष्ट प्लास्टिकची. मीटरपासून घरापर्यंतची सर्व्हिस लाइन आणि घरातले पाइप हल्ली बहुधा पीव्हीसी, पेक्स किंवा एचडीपीई अशा प्लास्टिकांचे असतात. पाइप पेटलाच पाहिजे असं नाही. नुसता पुरेसा तापला तरी प्लास्टिकचे रेणू तुटतात, त्यातून बेंझिन, टोल्युइन, स्टायरीन, नॅफ्थॅलीन अशी संयुगं तयार होतात आणि पाइपाच्याच भिंतीत मुरून बसतात. पर्ड्यू विद्यापीठात अँड्र्यू व्हेल्टन यांच्या गटाने वेगवेगळे प्लास्टिक पाइप २०० ते ४०० अंश सेल्सिअसला तापवले, थंड केले आणि मग त्यांत पाणी भरून ठेवलं. बहुतेक पाइपांतून बेंझिन पाण्यात उतरलं.

माझ्या हातात आलेला एक मीटर बॉक्स मला अजून आठवतो. वरचं झाकण प्लास्टिकचं होतं, ते वितळून मीटरवर काळ्या काकवीसारखं ओघळलं होतं. खाली पितळी मीटर धडधाकट. मीटर उघडला तर त्याच्यापुढच्या प्लास्टिक पाइपाची आतली बाजू तपकिरी पडलेली, आणि तुकडा कापताना रबर जळाल्यासारखा वास. रस्त्याखालची मेन लाइन तिथून १२ फुटांवर, ४ फूट खोल, तिला काहीही झालेलं नव्हतं. त्या घरमालकाने मला विचारलं होतं, मेन चांगली आहे ना, मग मला कशाची भीती? भीती त्या १२ फुटांची होती.

प्लास्टिकची आणखी एक खोड आहे, आणि तिच्यामुळेच कंपनीच्या अहवालाने तुमचा गोंधळ झाला. बेंझिन पाण्यातून प्लास्टिकमध्ये शिरतं आणि नंतर हळूहळू परत पाण्यात येतं. लोणच्याचा प्लास्टिकचा डबा कितीही घासला, तरी दुसऱ्या दिवशी झाकण उघडल्यावर मेथी-हिंगाचा वास येतोच, तसं. पाणी वाहतं असेल तर बेंझिन सापडत नाही. तेच पाणी पाइपात तीन दिवस पडून राहिलं की सापडतं. कंपनीने नमुना मेन लाइनवरच्या हायड्रंटवरून, पाणी सोडून दिल्यावर घेतला असेल, तर त्यात 'आढळले नाही' येणं स्वाभाविक आहे. त्यांनी त्यांच्या पाइपाची परीक्षा घेतली. तुमची घ्यायची राहिली आहे.

आता आईंचं म्हणणं. मी ते हलक्यात घेत नाही. आपल्या दोन-तीन पिढ्या पाणी उकळून प्यायल्या म्हणून कावीळ आणि विषमज्वरातून वाचल्या. पावसाळ्यात पाणी उकळून प्या हे मी स्वतः गावोगाव सांगितलं आहे. पण उकळणं हा जंतूंवरचा उपाय आहे. बेंझिन जिवंत नाही, त्याला मारता येत नाही. ते ८० अंशांना उकळतं, म्हणजे पाण्याच्याही आधी, आणि वाफेबरोबर निघून जातं. जातं कुठे? स्वयंपाकघराच्या हवेत, जिथे आई ओट्याशी उभ्या आहेत आणि बाळ रांगतंय. पोटात जायचं ते छातीत गेलं. शिवाय जळण्यातून तयार होणारी सगळीच संयुगं अशी उडून जात नाहीत. बेंझोपायरीनसारखी जड संयुगं मागे राहतात आणि पाणी आटलं की उलट दाट होतात. म्हणून 'उकळूही नका'.

आईंचा दुसरा मुद्दा तुम्ही लिहिला आहे : पूर्वी बंबातल्या पाण्यालाही धुराचा वास यायचा, आम्हाला काय झालं? प्रश्न चांगला आहे, त्यांना असं सांगा. बंबात विस्तव मधल्या नळकांड्यात असतो आणि पाणी त्याच्याभोवती. दोघांच्या मध्ये तांब्याचा पत्रा. तांबं तापून बेंझिन सोडत नाही, आणि धूर वर चिमणीतून निघून जातो. विस्तव आणि पाणी यांच्यामध्ये प्लास्टिक आलं, तिथून गोष्ट बदलली.

वासावरही जाऊ नका. पाण्यातलं बेंझिन नाकाला कळतं तेव्हा ते मर्यादेच्या शेकडो पट झालेलं असतं.

आरओबद्दल. त्याच्या पडद्यातून क्षार अडतात, पण बेंझिनचा रेणू लहान आणि बिनभाराचा, त्यातला काही भाग पार जातो. अडवण्याचं काम खरं तर सोबतच्या कार्बनच्या कांडीचं. कार्बन बेंझिन धरतो, चांगलं धरतो, पण किती दिवस, हे पाण्यात बेंझिन किती आहे त्यावर ठरतं. एनएसएफ ५३ हे प्रमाणपत्र असलेले फिल्टर थोड्या प्रमाणातल्या बेंझिनवर तपासलेले असतात, शेकडो पीपीबीवर नाहीत. तुमच्या नळात ३ आहे की ३०० हे माहीत नसताना फिल्टरवर भरवसा ठेवणं म्हणजे पुराची पातळी न विचारता नदीत उतरणं. वणव्यानंतर ते पाणी ज्या कांड्यांतून गेलं त्या काढून टाका. फ्रिजमधल्या पाण्याचा फिल्टर आणि आपोआप बनलेला बर्फही टाका, तो लोक हमखास विसरतात.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर : दोष असलाच तर तो बहुधा मीटरपासून नळापर्यंतच्या टप्प्यात आहे, वाहत्या पाण्यात तो लपतो, साचलेल्या पाण्यात दिसतो, आणि उकळून तो फक्त जागा बदलतो.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही मोकळेपणाने सांगतो, कारण तुमचं पाणी खराबच आहे असा माझा दावा नाही. वणव्यात तुमच्या गल्लीतलं प्रेशर पडलं होतं का, हे कंपनीला लेखी विचारा. पडलंच नसेल तर धोका बराच कमी. समोरच्या जळालेल्या चार घरांची जोडणी मेनपासून बंद केली आहे का, तेही विचारा. नसेल केली तर ते चार जळके पाइप अजून तुमच्याच मेनला लोंबकळत आहेत, आणि प्रेशर जरा कमीजास्त झालं की त्यांतलं पाणी मागे येऊ शकतं. तुमची सर्व्हिस लाइन तांब्याची आहे की प्लास्टिकची, मीटर बॉक्सजवळची माती करपली आहे का, हे स्वतः वाकून पाहा. घराच्या भिंतीला आच लागली असेल आणि त्या भिंतीत पेक्स पाइप असेल, तर दोष घरातच असू शकतो.

तपासणी कशी करायची यावर जरा जास्त वेळ घालवतो, कारण इथेच चुकतं. एका कुटुंबाने स्वखर्चाने नमुना दिला होता, निकाल आला 'आढळले नाही', सगळे खूश. विचारल्यावर कळलं, नमुना घ्यायच्या आधी त्यांनी पंधरा मिनिटं नळ सोडून ठेवला होता, चांगलं ताजं पाणी यावं म्हणून. मी त्यांना पाणी तीन दिवस साठू द्यायला लावलं आणि पुन्हा नमुना घेतला. ३४ पीपीबी. कॅलिफोर्नियाने थोड्या काळाच्या संपर्कासाठी धरलेली २६ची पातळीही ओलांडलेली. त्यांचा सगळा दोष निघाला तो मीटरनंतरच्या प्लास्टिकच्या एका छोट्या तुकड्यात. तो बदलला, आठवडाभर रोज पाणी सोडलं, मग पुन्हा साठवून तपासलं, आणि नळ स्वच्छ निघाला.

तर क्रम असा ठेवा. मेनचा दोष नाही हे कंपनीने कळवलं की आधी घरातली लाइन नीट धुवा. पहिल्यांदा अंगणातला नळ, मग घरातले थंड पाण्याचे नळ, मग वॉटर हीटर पूर्ण रिकामा करून पुन्हा भरा आणि गरम पाण्याचे नळ सोडा. खिडक्या उघड्या ठेवा, बाळ बाहेर. त्यानंतर ७२ तास घरातला एकही नळ उघडायचा नाही, फ्लशसुद्धा नाही. घर सोडून मित्राकडे राहायला जा, हाच सोपा मार्ग. परतल्यावर काही वापरायच्या आत पहिलं पाणी नमुन्यासाठी.

लॅब राज्याची मान्यताप्राप्त हवी. मागणी करताना नुसतं 'बेंझिन तपासा' म्हणू नका, ईपीए (अमेरिकेची पर्यावरण संस्था) ५२४.२ किंवा ५२४.३ पद्धतीने उडनशील संयुगांची पूर्ण यादी मागा. लॅब ४० मिलिलिटरच्या लहान काचेच्या बाटल्या देईल. आत थोडी पूड किंवा थेंबभर आम्ल असेल, ते क्लोरीन मारण्यासाठी आणि नमुना टिकवण्यासाठी असतं, बाटली विसळून ते घालवू नका. नळाच्या तोंडाची जाळी काढा. धार पेन्सिलीएवढी बारीक ठेवा, बाटली तिरकी धरा, पाणी काचेवरून घसरत आत जाऊ द्या, खळखळ नको. काठोकाठ भरा, इतकी की पाणी तोंडावर फुगून उभं राहील. झाकण लावून उलटी करा, बोटाने टिचकी मारा. आत बुडबुडा फिरताना दिसला तर त्या बुडबुड्यात तुमचं बेंझिन गेलं समजा, ती बाटली बाद. थंड पाण्याच्या दोन, गरम पाण्याच्या दोन. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.

अहवालात आकडा १ च्या खाली आला, तर आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा तसाच साठवून नमुना घ्या. दोन्ही वेळा स्वच्छ आला तर मी स्वतःच्या घरात ते पाणी वापरलं असतं. १ ते २६ च्या मध्ये आला तर पाणी सोडत राहणं आणि सर्व्हिस लाइनचा संशयित तुकडा बदलणं, हा मार्ग. त्याच्या वर आला तर अंघोळसुद्धा त्या पाण्याने करू नका आणि कंपनीला त्याच दिवशी कळवा, कारण तो आकडा तुमच्या शेजाऱ्यांनाही कळायला हवा. निकाल येईपर्यंत अंघोळ करायचीच झाली तर कोमट पाण्याने, झटपट, पंखा चालू ठेवून. बाळाला आणलेल्या पाण्याने पुसून घ्या.

आणि ते ४ दिवस. तुमच्या प्रश्नात सगळ्यात जड वाक्य तेच होतं. १ पीपीबीची मर्यादा आयुष्यभर रोज ते पाणी प्यायल्यास होणाऱ्या कर्करोगाच्या धोक्याचा विचार करून बांधलेली आहे. बेंझिनचा संबंध रक्ताच्या कर्करोगाशी आहे हे खरं, पण त्यात किती आणि किती काळ या दोन्ही गोष्टी मोजतात. ४ दिवसांचा आणि ४ वर्षांचा हिशेब एक नसतो. शरीरात गेलेलं बेंझिन बहुतांशी दोन दिवसांत बाहेर पडतं, त्यामुळे आता बाळाचं रक्त तपासून ते सापडणार नाही, उगाच सुया टोचू नका. बालरोगतज्ज्ञांना तारखांसह सांगून ठेवा, त्यांच्या नोंदीत असू द्या. तुम्ही हलगर्जीपणा केलेला नाही. नोटीस येईपर्यंत कुणालाच माहीत नसतं.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एवढंच जोडतो. मुंबई-पुण्याच्या इमारतीत एखाद्या मजल्यावर आग लागते, तेव्हा डक्टमधून जाणारे सीपीव्हीसी पाइप आणि गच्चीवरची प्लास्टिकची टाकी यांनाही हेच शास्त्र लागू पडतं. जळका तुकडा चांगल्या पाइपापर्यंत मागे कापून काढा, जोड मारून तसाच ठेवू नका. टाकी तापली असेल तर बदला. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या आयएस १०५०० मानकात जळण्यातून येणाऱ्या बहुवलयी संयुगांची, म्हणजे पीएएचची, मर्यादा लिटरला ०.०००१ मिलिग्रॅम दिलेली आहे. सोसायटीने आगीनंतर तेवढी तपासणी तरी मागावी.

सांता रोझाचं पुढे काय झालं ते तुमच्या कामाचं आहे. त्या पट्ट्यात अवघी १३ घरं उभी राहिली होती. आधी पाण्याचं अख्खं जाळं उखडून नवं टाकायचा विचार होता. नमुन्यांवर नमुने घेत, व्हॉल्व्ह बंद करून एकेक तुकडा वेगळा काढत गेल्यावर लक्षात आलं की मूळ दोष जळालेल्या घरांच्या सर्व्हिस लाइनमध्ये आहे. त्या बदलल्या, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये, वणव्याला वर्ष झाल्यावर, पाणी न पिण्याची तिथली सूचना मागे घेतली गेली. तुमच्या गल्लीत चारच जळकी घरं आहेत. कंपनीने त्या चार जोडण्या मेनपासून तोडल्या की तुमचं काम आठवड्यांत होण्यासारखं आहे.

लॅबचा अहवाल आला की इथे टाका. आकड्याबरोबर नमुना कुठल्या नळाचा, थंड की गरम, आणि त्याआधी शेवटचा नळ कधी उघडला होता, ती वेळही लिहा. ती वेळ नसेल तर मला आकड्यावरून काही सांगता येणार नाही.